थाप ओळखण्याची विद्या

मला कोणी थाप मारू शकत नाही, अशी माझी बरीच वर्षं ठाम समजूत होती. बँकेच्या कर्ज विभागात तीस वर्षं काढलेल्या माणसाची अशी समजूत होतेच. समोरचा अर्जदार "म्हैस पंधरा लिटर देते साहेब" म्हणाला की मी मनातल्या मनात आठ धरायचो, आणि ती म्हैस पुढे पाचच द्यायची. या आठ-पाचच्या हिशोबावर माझी नोकरी निर्वेध पार पडली आणि स्वभाव कायमचा बिघडला.

बायकोचं मत वेगळं आहे. ती म्हणते, "तुम्हाला फसवायला काही लागत नाही. थापेत एक तारीख घालायची आणि एक इंग्रजी नाव. मग तुम्ही पावतीसुद्धा मागत नाही."

हे तिचं म्हणणं मी बायकोचं म्हणणं म्हणून सोडून दिलं होतं.

प्रवासात मात्र माझ्या चेहऱ्यावर काहीतरी उमटत असावं. अख्खी गाडी रिकामी असली तरी बोलणारा माणूस माझ्याच शेजारी येऊन बसतो. सिंहगडावर एका दहीवाल्याने तर मला यशवंती घोरपडीच्या वंशातली घोरपड दाखवतो म्हणून वीस रुपये घेतले होते. दाखवली फक्त कातळातली फट. घोरपड जेवायला गेली होती. "थांबा, येईल," तो म्हणाला. मी थांबलो. त्या वेळात त्याचं तीन मडकी दही मीच खाल्लं. पण ही गोष्ट मी थापेत धरत नाही, दह्यात धरतो.

तर निवृत्तीनंतरच्या पहिल्याच डिसेंबरात मी एकटा विजयदुर्गला निघालो. पुण्याहून कोल्हापूर, गगनबावडा, मग करूळ घाट उतरून वैभववाडी आणि तिथून तळेरे. तळेऱ्याला विजयदुर्गची एसटी मिळाली. खिडकीची जागा, वरच्या फळीवर बॅग, बॅगेत बायकोने दिलेली बाकरवडीची बरणी. बरणी काचेची होती, हे पुढच्या प्रसंगासाठी लक्षात ठेवावं.

माझा डोळा लागला होता. अचानक कंडक्टर कानाशी ओरडला, "पडेल! पडेल! चला, पडेल!"

मी झोपेतच उठलो आणि दोन्ही हातांनी वरची बॅग धरली. त्याच क्षणी ड्रायव्हरने ब्रेक दाबला. बॅग जागेवर राहिली आणि मी बॅग सोडून शेजारच्या आजोबांच्या मांडीवरच्या नारळांच्या पोत्यावर आडवा झालो.

आजोबांनी मला शांतपणे उचलून जागेवर ठेवलं. "पडेल म्हंजे गाव," ते म्हणाले. "ह्या पडेल कॅन्टीन. थांबो आसा." मग थोडं थांबून, "पडलास तुमी."

अख्खी गाडी हसली. कंडक्टर तिकिटाचे पैसे मोजता मोजता हसला. ओळख झाली.

"खंयसून इलास?"

"पुण्याहून."

"किल्लो बघूक?" मी मान हलवली. आजोबांनी पोतं पायाशी ठेवलं आणि गजाल सुरू केली. मालवणी मुलखात गजाल म्हणजे नुसत्या गप्पा नव्हेत. तिला सुरुवात असते, चढ असतो, आणि ऐकणाऱ्याने मधे प्रश्न विचारला तर ती पहिल्यापासून पुन्हा सांगितली जाते.

"किल्ल्याच्या भायर, पाण्याखाली, भिंत आसा. शत्रूची जहाजां येयत नि भिंतीर आपटान फुटत. माज्या आज्यान एकदा रापण घातलेली. रापण भिंतीत अडाकली. अख्खो गाव वडूक लागलो. एक दिस वडली, दोन दिस वडली, काय येयना. तिसऱ्या दिसा बघतत तर किल्लो हलता! तेवा आजो म्हणालो, सोडा रे. महाराजांची भिंत ती. ती भायर इली तर महाराज आपणाक काय म्हणतले?"

मी हसलो. कर्ज विभागातलं हसू होतं ते: ओठ मिटलेले, मान किंचित कललेली.

"खोटा वाटता?" आजोबा दुखावले नाहीत, उलट त्यांना माझी कीव आली. "उद्या ओहोटीक जावन बघा." आणि गिर्ये आल्यावर पोतं उचलून उतरून गेले.

मी वही काढून लिहिलं: 'समुद्राखाली भिंत. थाप क्र. १.'

खाणावळीच्या काकींनी पहिल्या वाक्यात सगळे नियम सांगितले. "जेवान आठाक. नवाक इलास तर कुत्र्याक." नंतरच्या दोन दिवसांत त्या एकूण दहा-बारा वाक्यं बोलल्या असतील. त्यातलं कुठलंही खोटं निघालं नाही. म्हणूनच बहुधा मी त्यांच्याकडे फारसं लक्ष दिलं नाही.

सकाळी किल्ल्यात शिरलो. विजयदुर्ग वाघोटण खाडीच्या तोंडाशी, तिन्ही बाजूंनी समुद्राच्या पाण्यात उभा आहे. तटबंदी तिहेरी. एक दरवाजा ओलांडला की समोर पुन्हा भिंत, ती वळून गेलं की पुन्हा एक. जांभा चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळाचा हिरवा पातळ थर असतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पायांना दिसतो.

तिथे मला मास्तर भेटले. ते खरंच मास्तर होते की नाही, मला ठाऊक नाही. पांढरा इस्त्रीचा सदरा, खिशाला पेन. पेन दोन होती. तिथेच मी अर्धा गेलो.

मास्तरांची भाषा शुद्ध होती. ते बोलत नव्हते, तारखा टाकत होते. किल्ला शिलाहार राजा दुसऱ्या भोजाच्या काळातला, बाराव्या शतकाच्या अखेरीचा. जुनं नाव घेरिया. तुळाजी आंग्र्यांच्या हातून तो गेला फेब्रुवारी १७५६ मध्ये. समुद्रावरून अॅडमिरल वॉटसन, जमिनीवरून क्लाइव्ह, आणि सोबतीला पेशव्यांची फौज. आपल्याच लोकांनी इंग्रजांच्या मदतीने आपलंच आरमार जाळलं, हे सांगताना मास्तरांनी आवाज खाली आणला आणि डावं पेन उजवीकडे लावलं.

या सगळ्या तारखा मी घरून वाचून गेलो होतो. सगळ्या बरोबर होत्या. अर्जदाराची तीन कागदपत्रं खरी निघाली की चौथ्यावर आपण न वाचता सही करतो, तसं माझं झालं.

चौथं कागदपत्र तटाजवळचा ओटा होता. त्याला 'साहेबाचे ओटे' म्हणतात. मास्तर त्यावर हात ठेवून म्हणाले, "१८ ऑगस्ट १८६८. खग्रास सूर्यग्रहण. नॉर्मन लॉकियर नावाचा इंग्रज शास्त्रज्ञ याच ओट्यावर दुर्बीण लावून बसला होता. त्याला सूर्याभोवती एक पिवळी रेषा दिसली. नवा वायू. हीलियम! जगाला हीलियम या ओट्याने दिला." मग हळूच, "काचेला काजळी धरून देणारा माणूस आमच्या गावचा होता. पण इतिहास काजळी धरणाऱ्याचं नाव ठेवत नाही."

माझ्या अंगावर काटा आला. मी ओट्यावर बसलो. हातांची नळी करून सूर्याकडे पाहतो आहे, असा फोटो मास्तरांकडून काढून घेतला. त्यांचा नंबर घेतला. वहीत लिहिलं: 'हीलियम. सत्य. (दोन पेनं.)'

आणि मग, सत्य सापडल्याच्या आनंदात, थापेचा निकाल लावायला गेलो.

दुपारी ओहोटी होती. तटाखालच्या खडकांवर उतरलो. खेकडे आपापल्या कामाला लागले होते. शेवटच्या खडकावर मांडी घालून बसलो आणि पाण्यात पाहू लागलो. भिंत असती तर दिसली असती, दिसत नव्हती, म्हणजे नव्हती. अर्धा तास मी तिच्या नसण्याचा आनंद घेतला. मग माझ्या लक्षात आलं की मी ज्या वाटेने आलो ती वाट आता समुद्राच्या ताब्यात गेली आहे.

भरती कधी लागते, हे मी कोणाला विचारलं नव्हतं. बँकेत भरतीची जाहिरात येते.

पहिली लाट घोट्यापर्यंत आली आणि जाताना उजव्या पायाची चप्पल घेऊन गेली. चप्पल जरा दूर तरंगली, थोडं वळून माझ्याकडे पाहिल्यासारखं केलं आणि खाडीकडे निघाली. मी उभा राहिलो. खडकावर शेवाळ होतं. मी बसलो. पुन्हा उभं राहण्याचा विचार सोडून दिला.

थोड्या वेळाने होडी वल्हवत एक दहा-बारा वर्षांचा मुलगा आला.

"काका, थंय कित्याक बसलास?"

"भिंत बघतोय," मी म्हणालो. अशा प्रसंगी खरं सांगण्यावाचून मार्ग नसतो.

"ती खाली आसा."

"किती खाली?"

त्याने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, हिशोब केला. "तुमच्यासारके पाच जण एकार एक उभे रवले, तर वरच्याचा नाक भायर येतला. चला, बसा."

होडीत मी डावी चप्पल हातात धरून बसलो होतो. काकींनी ओले कपडे पाहिले, चप्पल पाहिली आणि विचारलं, "भिंत गावली?"

मी काही बोललो नाही. त्या दिवशी आठाक जेवायला मी साडेसातला हजर होतो.

पुण्याला परतल्यावर माझं नाव सोसायटीत झालं. २६ जानेवारीला झेंडावंदनानंतर सेक्रेटरींनी मला दहा मिनिटं दिली. विषय: 'कोकणातल्या ओट्यावर सापडलेला वायू.' मी ग्रहण रंगवलं, पिवळी रेषा रंगवली, काजळी धरणाऱ्या अनाम माणसाला दोन मिनिटं दिली. एका आजींनी डोळे पुसले. मग कोकणी माणसाच्या भाबड्या थापांचा नमुना म्हणून भिंतीची गोष्ट सांगितली. किल्लो हलता, तिथे हशा पिकला. मी जिलबीकडे वळणार, तोच समोरच्या रांगेतल्या नववीतल्या मुलीने हात वर केला.

"काका, १८६८ च्या ग्रहणाला लॉकियर इंग्लंडमध्येच होते ना?"

मी हसलो. कर्ज विभागाचं हसू.

"त्या दिवशी फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होते. लॉकियर यांनी ती रेषा नंतर, ऑक्टोबरमध्ये, इंग्लंडमधूनच पाहिली. ग्रहण नसताना. दोघांच्या पद्धतीचं श्रेय पॅरिसच्या अकादमीने दोघांना दिलं, एकाच पदकावर दोघांचे चेहरे आहेत." तिने श्वास घेतला. "आणि ती भिंत आहे, काका. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने त्या भागात काम केलंय. साधारण १२२ मीटर लांब, ३ मीटर उंच, ७ मीटर रुंद. आठ-दहा मीटर पाण्याखाली."

पाच माणसं एकावर एक. होडीतल्या पोराचा हिशोब सेंटिमीटरपर्यंत बरोबर होता.

जिलबी मी घेतली नाही. बायकोने घेतली. माझ्या वाटची पण तिनेच घेतली.

त्याच रात्री मी मास्तरांना फोन केला. फसवला गेलेला माणूस असतो तितका कायदेशीर माणूस दुसरा नाही. मी सनावळ्यांसकट सुनावलं, "लॉकियर विजयदुर्गला कधी आलाच नव्हता!"

मास्तर बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "ओटा तर आहे ना? मग कोणीतरी बसायला आलंच असेल." आणि फोन ठेवला.

हे ऐकून मला फार समाधान वाटलं. एक थाप पकडली होती. आठवडाभर मी ती ज्याला-त्याला पकडून दाखवत होतो.

आठवड्यानंतर ती मुलगी घरी आली. सोबत लॉकियरच्या ग्रहणांवरच्या पुस्तकातल्या काही पानांची प्रत होती. "काका, तुम्ही परवा जिन्यात म्हणालात ना, की ते कधी आलेच नव्हते. आले होते. २२ जानेवारी १८९८ ला. तेव्हाही खग्रास ग्रहण होतं. विजयदुर्गच्या किल्ल्यात त्यांचा तळ होता. 'मेल्पोमीन' या युद्धनौकेवरचे खलाशी त्यांच्या मदतीला होते. त्याच ग्रहणासाठी आपल्या पुण्याचे प्राध्यापक नायगामवाला सोलापूर मार्गावर जेऊरला गेले होते." ती थोडी चाचरली. "तुमच्या भाषणाच्या चार दिवस आधीच त्याची तारीख होऊन गेली."

म्हणजे साहेब आला होता. ओट्यावर बसला होता. ग्रहणही खरं, दुर्बीणही खरी. गावाने फक्त त्याचं ग्रहण तीस वर्षं मागे सरकवलं होतं. तो विजयदुर्गला उतरला तेव्हा रॅम्झीने १८९५ मध्ये हीलियम पृथ्वीवरच मिळवला होता. लंडनमध्ये तो काचेच्या नळीत बसून तीन वर्षं झाली होती.

हिशोब मांडला. जे खोटं म्हणून हसलो, ते निखालस खरं. जे खरं म्हणून भाषणात सांगितलं, ते खोटं. आणि जे खोटं म्हणून मास्तरांना सुनावलं, ते निम्मं खरं. तीन अर्ज, तिन्ही चुकीच्या शेऱ्यासह मंजूर-नामंजूर. नोकरीत असतो तर चौकशी लागली असती.

मास्तरांना पुन्हा फोन केला. माफी मागितली आणि १८९८ सांगितलं.

"म्हणजे आला होता ना!" मास्तर खुलले. "उशिरा आला एवढंच. आमच्याकडे सगळ्यांनाच उशीर होतो."

पुढच्या डिसेंबरात मी परत निघालो. यावेळी बायको सोबत होती. "तुम्हाला एकट्याला सोडलं तर या वेळी दुसरी चप्पल जाईल," ती म्हणाली. तळेऱ्याला एसटीत बसलो. मधल्या एका थांब्यावर आजोबा चढले. तेच आजोबा, तेच पोतं. मला ओळखलं नाही. ओळखायचं काय, त्यांना रोज कोणीतरी पडतच असेल.

"खंयसून इलास?"

"पुण्याहून."

"पुण्यासून!" आजोबांचे डोळे चमकले. पोतं पायाशी गेलं. "गेल्या साली पुण्यासून एक प्रोफेसर इल्लो. पाण्याखालची भिंत मापूक."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

"सगळ्यांनी सांगल्यान, जाव नको. पण आयकना नाय. कमरेक दोरी बांधून मारल्यान उडी. एक दिस नाय वर, दोन दिस नाय वर. पोलीस इले. तिसऱ्या दिसा गावान रापण घातली. रापण जड! अख्खो गाव वडूक लागलो. वडली तर रापणीत प्रोफेसर! जित्तो! वहीत भिंतीचा माप लिवून घेतलेला. पायात मात्र एकच चप्पल. दुसरी अजून भिंतीर आसा. ओहोटीक दिसता कधी कधी."

मला तोंडावर बरंच काही आलं. प्रोफेसर नव्हता, बँकेत होता. उडी मारली नव्हती, मांडी घालून बसला होता. दोन दिवस नव्हे, जेमतेम तासभर. रापण नव्हती, एक होडी होती, आणि होडीत चौथी-पाचवीतलं पोर. भिंत आठ-दहा मीटर खोल आहे, चप्पल ओहोटीला दिसणं शक्य नाही. प्रत्येक मुद्द्याला माझ्याकडे पुरावा होता, आणि साक्षीदार तर मी स्वतःच होतो.

लॉकियरला तीस वर्षं मागे जायला किती काळ लागला असेल, कोण जाणे. मी एका वर्षात प्रोफेसर झालो होतो.

"खोटा वाटता?" आजोबांनी विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "उजव्या पायाची होती ना चप्पल?"

आजोबांनी क्षणभरही विचार केला नाही.

"बरोबर. उजवीच."

समोरून कंडक्टर ओरडला, "पडेल! पडेल!" बायकोने दचकून दोन्ही हातांनी वरची बॅग धरली.